कुमार, किशोर की पौगंड? सोळाव्या वर्षाच्या कादंबरीला काय म्हणावं

प्रश्न

एका कादंबरीचं हस्तलिखित सध्या माझ्याकडे संपादनाला आहे. काळ १९८६चा. नायिका सोळाव्यात. वडील वारल्यावर जमिनीला तिचं नाव लागतं, पण सातबाऱ्यावर नावापुढे 'अ.पा.क. आई' अशी नोंद होते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या वारसाचा पालक. चुलता जमिनीचा व्यवहार ठरवतो आणि तिला कुणी विचारतसुद्धा नाही. पुढची सगळी गोष्ट म्हणजे ती आपलं म्हणणं कसं मांडते, त्याची.

इंग्रजीत अशा पुस्तकांना सरळ 'यंग अडल्ट' म्हणतात. आपल्याकडे 'बालसाहित्य' छापलं तर नववी-दहावीतली पोरं हात लावणार नाहीत. नुसतं 'कादंबरी' छापलं तर शाळेच्या ग्रंथालयात ती मोठ्यांच्या कपाटात जाईल. कुमार, किशोर, पौगंड, युवा यांतला कुठला शब्द योग्य? नेमका अर्थ आणि आजचा वापर, दोन्ही हवंय.

प्रतिसाद १

ताई, आधी 'पौगंड' बाजूला करू या. संस्कृतात वयाची वाटणी सांगणारा श्लोक आहे: 'कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि'. पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, सोळाव्यापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन. भागवताच्या दहाव्या स्कंधात अघासुराची कथा आहे. कृष्णाने त्याला मारलं ते कौमारात, आणि गोपबालांनी ते व्रजात येऊन सांगितलं पौगंडात. म्हणजे पौगंड वयाचा मुलगा हा तिथे सहा-सात वर्षांचा, गाईवासरांमागे हिंडणारा पोर आहे.

मराठीत हा शब्द पुढे सरकला आणि मानसशास्त्राच्या व आरोग्याच्या पुस्तकांत रुळला. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हा जो काळ धरते, तो आज आपण 'पौगंडावस्था' म्हणतो. ते आता मान्यच करावं, मूळ अर्थाकडे परत ओढण्यात हशील नाही. पण या शब्दाला दवाखान्याचा वास आहे. त्याच्या मागोमाग 'समस्या' आणि 'समुपदेशन' हेच शब्द येतात. कुठलीही मुलगी 'पौगंडकादंबरी' विकत घेणार नाही.

प्रतिसाद २

पौगंडाबद्दल सहमत. 'किशोर'चा एक जुना अर्थ घोड्याचं शिंगरू. सुंदर शब्द आहे, पण मराठीत त्याचं वय खाली आलंय. पाठ्यपुस्तक मंडळाचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय. त्यामुळे किशोर म्हटलं की आपल्या मनात पाचवी ते आठवीचं मूल येतं.

आता मैदानावर या. मी बरीच वर्षं कबड्डीच्या स्पर्धांना जातोय. तिथे १६ वर्षांखालचा तो किशोर गट आणि २० वर्षांखालचा तो कुमार गट. खो-खोतही कुमार हा किशोरच्या वरचा. जन्मदाखला तपासताना टेबलाजवळ उभे राहा. 'हा किशोरात बसत नाही, कुमारात घ्या' हे वाक्य दिवसभर कानावर पडतं, आणि कुमारात ढकललेल्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो: घाबरलेला, पण मान वर केलेला. श्लोकात कौमार सगळ्यात खाली, मैदानात कुमार किशोराच्या वर. क्रम पार उलटलाय, आणि तो बोलणाऱ्या माणसांनी उलटवलाय. माझं मत 'कुमार कादंबरी'ला.

प्रतिसाद ३

मला 'कुमार' खटकतो, आणि ही शंका बारीक नाही. नायिका मुलगी आहे. मुलाच्या नावामागचा 'कुमार' मिसरूड फुटलं की गळून पडतो, मुलीच्या नावामागचं 'कु.' लग्न होईपर्यंत चिकटून राहतं, मग ती चाळीस वर्षांची का असेना. म्हणजे मुलाच्या बाबतीत हा शब्द वय सांगतो, मुलीच्या बाबतीत तिचं लग्न झालंय की नाही ते सांगतो. आणि 'कौमार्य' मराठीत काय अर्थाने उरलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

'वयात येणे'चंही तेच. मुलगी वयात आली म्हणजे तिच्या शरीराची बातमी. ती स्वतःच्या मताने बोलायला लागली तर 'शिंगं फुटली'. या गोष्टीत मुलगी जे करते आहे त्याला बोलीत 'कळती झाली', 'जाणती झाली' म्हणतात. रामदासांनी शिवरायांना 'जाणता राजा' म्हटलं तेव्हा समज आणि सत्ता एका शब्दात आणली. तिथे शोधा.

प्रतिसाद ४

'युवा' अजिबात नको. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११पासून आहे आणि तो ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळतो. तिथे युवा हा लिहिणारा आहे, वाचणारा नव्हे.

दुसरं, हस्तलिखितातला 'अज्ञान' आजच्या वाचकाला समजावा म्हणून 'अल्पवयीन' करू नका. अल्पवयीन हा वर्तमानपत्री शब्द आहे, तो फक्त वय मोजतो. 'अज्ञान' त्या मुलीला टोचला पाहिजे: सगळं कळतंय आणि कागद म्हणतो की हिला काही कळत नाही. १९८६ सालामुळे आणखी एक धागा मिळतो. अठरा पूर्ण झाल्यावर ती जमिनीपुरती सज्ञान होईल, पण मतदार व्हायला तेव्हा २१ लागत. ते १८वर आलं १९८९मध्ये. लेखकाला हे जरूर सांगा.

प्रतिसाद ५

तिसऱ्या प्रतिसादातली तक्रार रास्त आहे, तरी मी 'कुमार'च्याच बाजूने. मैदानावर 'कुमारी गट' म्हणतात तेव्हा कुणाच्या मनात लग्न येत नाही, संघ येतो. शब्द असाच धुऊन निघतो, वापरून. 'जाणती' मला मनापासून आवडला, पण बऱ्याच गावांत 'जाणती झाली' हेही न्हाण आल्याबद्दलच म्हणतात. शिवाय कपाटावर लावायला पाटीचा शब्द हवा आणि 'कुमारसाहित्य' ही पाटी मराठीत आधीपासून आहे.

इंग्रजीतही नाव आधी ग्रंथपालांनी रुळवलं. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेत १९५७मध्येच 'यंग अडल्ट' नावाचा वेगळा विभाग झाला. एस. ई. हिंटन यांची टोळ्यांतल्या पोरांवरची 'द आउटसायडर्स' आली १९६७मध्ये. पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली, छापून आली तेव्हा लेखिका अठराची. पाटी दहा वर्षं आधी लागली, तिच्याखालचं कपाट मागून भरत गेलं. आपल्याकडे पाटी आहे, तिच्याखाली पुस्तकं थोडी.

तेव्हा मुखपृष्ठावर 'कुमार कादंबरी' आणि मलपृष्ठावर 'कळत्या वयाच्या मुलामुलींसाठी' असं घ्या. वयाचा आकडा मात्र कुठेच छापू नका. बारा वर्षांची मुलं सोळाव्या वर्षाचं पुस्तक हौसेने उचलतात. सोळा वर्षांचा मुलगा '१२+' पाहिलं की पुस्तक खाली ठेवतो.