मोबाईल गेमचा अतिरेक आणि शाळकरी मुलांमधील ऑनलाइन छळ यांचा संबंध कितपत खरा आहे?

प्रश्न:
मी माध्यमिक शाळेत शिकवते. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर गेम खेळणाऱ्या मुलांमध्येच एकमेकांना शिवीगाळ करणारे संदेश पाठवणे, एखाद्याला ग्रुपमधून काढून टाकणे, हरलेल्याचे स्क्रीनशॉट वर्गभर फिरवणे असे प्रकार मला अधिक दिसतात. गेममुळेच मुले अशी वागतात, असे पालकांना सांगणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १:
मॅडम, एवढे ठामपणे सांगू नये, असे मला वाटते. या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांत मुलांकडून एकदाच प्रश्नावली भरून घेतलेली असते. त्यातून या दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच समजते, आधी काय घडले ते समजत नाही. वर्गात छळ सोसणारे मूल गेममध्ये आसरा शोधत असण्याचीही शक्यता असते. शिवाय नुसत्या खेळण्याच्या तासांवरून गेमिंगचा विकार ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे ही लक्षणे दिली आहेत, आणि ती साधारणपणे बारा महिने दिसावी लागतात.

प्रतिसाद २:
वरील मत मान्य आहे, पण खेळाच्या रचनेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. टीमने खेळायच्या गेममध्ये हार झाली की खापर सर्वांत कच्च्या खेळाडूवर फुटते, व्हॉइस चॅटवर त्याला वाटेल ते ऐकवले जाते, आणि समोरच्याचा चेहरा दिसत नसल्याने बोलणाऱ्याला संकोच उरत नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने पडद्याआड सुटणाऱ्या या संयमाविषयी २००४ मध्येच लिहिले होते. टीममधली मुले एकाच वर्गातली असली, तर हा अपमान दुसऱ्या दिवशी शाळेतही सुरू राहतो. माझ्या मते अतिरेकाचा खरा धोका इथेच आहे: ज्या मुलाचे मित्र, कमावलेली रँक आणि प्रतिष्ठा सगळे त्या गेममध्येच आहे, ते मूल छळ होत असूनही तिथून बाहेर पडू शकत नाही. आज सोसणारा उद्या एखाद्या नवख्यावर तोच राग काढतो, हेही अनेकदा घडते.

प्रतिसाद ३:
म्हणूनच पालकांना कृपया फोन काढून घ्यायला सांगू नका. तक्रार केली तर फोन जाईल, या भीतीने मुले गप्प बसतात. मूल कोणाबरोबर खेळते आणि चॅटवर काय बोलले जाते, हे त्यांनी रागावल्याविना विचारावे. छळ होत असल्यास आधी संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, मग त्या खेळाडूला ब्लॉक करून गेममध्येच तक्रार नोंदवावी. त्रास देणारा वर्गातलाच असेल, तर पुढचे काम शाळेचे आहे.