हॉलच्या मोठ्या प्रोजेक्टरला स्टेजवरून सिग्नल कसा द्यायचा? एचडीएमआय लांब पडतेय

गिरगावची_वाचनवेडी
नमस्कार मंडळी. आमच्या गिरगावातल्या वाचनालयाच्या हॉलसाठी एका ऑफिसातून निघालेला प्रोजेक्टर देणगीत मिळालाय. लेझरवाला आहे, ६००० ल्युमेन, रिझोल्यूशन १९२० बाय १२००. वस्तू दणदणीत आहे पण मागे इतकी भोकं आहेत की बघूनच आमची कमिटी गप्प झाली. दोन एचडीएमआय, एक डीव्हीआय, निळं व्हीजीए, एसडीआय लिहिलेलं एक गोल बीएनसी, नऊ पिनांचं एक सीरियल आणि शिवाय दोन अगदी सारखे दिसणारे नेटवर्कचे सॉकेट, एकावर लॅन लिहिलंय आणि दुसऱ्यावर एचडीबेसटी.

हॉल जुना आहे, वर लाकडी तुळया, मधे पंखे. पडदा ४ मीटर रुंद, पडद्यापासून मागची भिंत साधारण १८ मीटर. सगळ्यांचं म्हणणं की प्रोजेक्टर मागच्या गॅलरीत टेबलावर ठेवायचा, लॅपटॉप वक्त्याजवळ स्टेजवर. त्यासाठी २५ मीटरची एचडीएमआय आणली, जमिनीवर नुसती पसरून लावून बघितली तर चित्र येतं, मग पांढरे ठिपके चमकायला लागतात, मधेच पडदा काळा होतो आणि परत येतं. दुकानदार म्हणतो प्रोजेक्टर गेलाय. आमचे वायरमन म्हणतात नेटवर्कचं सॉकेट आहे तर वाचनालयाच्या राउटरमधून लॅनची वायर टाकू, काम झालं. लेन्स अजून नीट फोकस करून बघितलेली नाही. व्याख्यानमाला जवळ आलीय, कुणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

पडदा_आधी
ताई, केबलचं नंतर बघू, आधी लेन्स कुठली आहे ते सांगा. मोठ्या प्रोजेक्टरची लेन्स बदलता येते, त्यामुळे ऑफिसात होती ती तुमच्या हॉलला बसेलच असं नाही. मॅन्युअलमध्ये किंवा लेन्सच्या मॉडेल नंबरवरून थ्रो रेशो सापडेल.

गिरगावची_वाचनवेडी
सापडलं, १.५ ते २.० लिहिलंय. म्हणजे काय?

पडदा_आधी
म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. तुम्हाला १८ मीटरवरून ४ मीटरचं चित्र हवं, म्हणजे साडेचारचा रेशो लागतो. तुमच्या लेन्सने गॅलरीतून टाकलंत तर झूम पूर्ण आवळूनही चित्र ९ मीटर रुंद पडेल, पडदा सोडून दोन्ही बाजूच्या भिंतींवर आणि थोर पुरुषांच्या तसबिरींवर सिनेमा चालेल. लाँग थ्रो लेन्स मिळते, पण त्याच मॉडेलची शोधावी लागते आणि जुन्या बाजारात ती मिळेलच याचा भरवसा नाही. त्यापेक्षा ६ ते ८ मीटरवर वर टांगा, मी म्हणेन ७.

टांगताना पीओपीच्या छतावर किंवा पंख्याच्या हुकावर नाही हं. असला प्रोजेक्टर पंधरा-वीस किलोच्या घरात असतो, तुळईवर किंवा दोन तुळयांमध्ये लोखंडी अँगल टाकून त्यावर, आणि वेगळी सेफ्टी वायर. तुळई जुनी आहे तर आधी जाणकाराला दाखवा. आणि पंख्याची पाती प्रकाशाच्या वाटेत येतात का ते बघा, हॉलमध्ये सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, टांगून झाल्यावर कळतं की पडद्यावर पात्यांची सावली गरगरतेय.

वरून खाली चित्र आणायला लेन्स शिफ्ट वापरा, कीस्टोन नको. शिफ्टमध्ये लेन्स सरकते, चित्र तसंच्या तसं राहतं. कीस्टोनमध्ये मशीन चित्र दाबून चौकोन करतं, म्हणजे पिक्सेल वाया जातात आणि बारीक देवनागरी अक्षरं मऊ पडतात. वाचनालयात कवितेच्या ओळी दाखवणार असाल तर ते लगेच डोळ्यावर येतं.

उजेडाची काळजी करू नका. ४ मीटर बाय अडीच मीटर म्हणजे १० चौरस मीटर, ६००० भागिले १० म्हणजे कागदावर ६०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड). मशीन वापरलेलं आहे तर थोडं कमी धरा. पडद्यावरचे दिवे बंद केलेत की बाकी हॉलमध्ये लोकांना वहीत लिहिण्यापुरता उजेड ठेवता येईल.

परळचा_एव्हीवाला
वरच्यांनी लेन्सचं बरोबर सांगितलं, आता केबलवर येतो. प्रोजेक्टर मस्त आहे, मला तरी खराब वाटत नाही, दुकानदाराने २५ मीटरची साधी तांब्याची एचडीएमआय विकून वर प्रोजेक्टरला नावं ठेवली. एक टेस्ट करा, लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८०पी (१९२० बाय १०८० चं चित्र) ठेवून रिफ्रेश, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ६० वरून ३० किंवा २४ करा. डेटा निम्म्यावर येतो. ठिपके थांबले तर केबलच्या लांबीचा दोष, दुसरं काही नाही. साधी एचडीएमआय १०-१२ मीटरपर्यंत बिनधास्त चालते, पुढे नशीब. आणि प्रोजेक्टर ७ मीटरवर टांगला म्हणून केबल ७ मीटर होत नाही, स्टेजवरून भिंतीने वर, मग छताने आडवी, परत खाली वळसा, असं करत वीस-बावीस मीटर सहज लागते.

त्या एचडीबेसटीसाठीच तुमची केस बनलीय. हा दिसायला नेटवर्कचा सॉकेट आहे, आत केबलही कॅट ६ चीच (नेटवर्कची नेहमीची वायर) जाते, पण तो नेटवर्क नाही, त्या वायरवरून चित्राचा सिग्नल लांब नेण्याची वेगळी पद्धत आहे. वायरमन भाऊंना सांगा राउटर, स्विच, काहीही मधे नको, आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतून वीजही सोडणारा) तर त्या सॉकेटच्या आसपासही नको. स्टेजवर एक ट्रान्समीटरचा डबा, त्यात लॅपटॉपची छोटी एचडीएमआय, डब्यातून एक सलग कॅट ६, ती थेट प्रोजेक्टरच्या एचडीबेसटीमध्ये. रिसीव्हर प्रोजेक्टरच्या पोटातच आहे, वेगळा घ्यायचा नाही. १०८०पीला ही सिस्टिम १०० मीटरपर्यंत जाते, स्वस्तातल्या छोट्या क्लासचे डबे ७० पर्यंत, तुमचे बावीस मीटर त्यात कुठच्या कुठे बसतात.

आता लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा नीट ऐका. तिथे एचडीएमआय एक्स्टेंडर म्हणून कॅट ६ वर चालणारे डबे जोडीने मिळतात, बरेच स्वस्त. ते वाईट नसतात, पण त्यातले बरेचसे एचडीबेसटी नसतात, आपापली वेगळी भाषा बोलतात आणि फक्त आपल्याच जोडीदाराशी बोलतात. त्यातला एकच डबा आणून प्रोजेक्टरच्या पोर्टला लावलात तर पडदा काळाच राहणार आणि परत तुम्ही म्हणाल पोर्ट गेला. डब्यावर एचडीबेसटी असं स्पष्ट छापलेलं हवं. आणि त्याला स्वतःचा अडॅप्टर लागतो, बहुतेक प्रोजेक्टर त्या केबलवरून डब्याला वीज देत नाहीत, तेव्हा स्टेजवर एक प्लग राखून ठेवा.

केबल घेताना विचारा प्युअर कॉपर आहे का. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा, ती हातात घेतली तरी हलकी लागते, ती नको. दोन्ही टोकांना एकाच रंगक्रमाने पिना मारायच्या, मधे कपलर नाही, जोड नाही, उरलेली केबल घट्ट गुंडाळून ठेवायची नाही. आणि स्टेजच्या लाइटिंगच्या, खास करून डिमरच्या वायरींबरोबर एका पाइपात नाही. शिल्डेड मिळाली तर उत्तम.

कॅमेरामन_लोअरपरळ
एव्हीवाले दादा, सगळं पटलं पण एसडीआयला, म्हणजे कॅमेरा-शूटिंगवाल्यांच्या व्हिडिओ केबलला, तुम्ही विचारलंही नाहीत, हा अन्याय आहे. तो गोल बीएनसी आहे ना ताई, तिथे एकच कोॲक्स केबल जाते, फिरवून लॉक होते, कुणाचा पाय अडकला तरी सुटत नाही. एचडीएमआयची पिन म्हणजे नुसती टेकवलेली असते, कार्यक्रमात खुर्ची सरकली की गेली. ३जी एसडीआयवर १०८०पी ६० चांगल्या आरजी६ वरून (ही त्या कोॲक्सचीच एक जात) तुम्हाला लागतं त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर जातं. आणि तुमच्या व्याख्यानमालेचं शूटिंग होत असेलच, कॅमेऱ्याच्या किंवा मिक्सरच्या एसडीआय आउटमधून सरळ प्रोजेक्टरला द्या, मागे बसलेल्या आजी-आजोबांना वक्त्याचा चेहरा मोठा दिसेल.

फक्त हॉलच्या सीसीटीव्हीची जुनी वायर दिसली म्हणून तीच ओढू नका. बीएनसी सारखंच दिसतं पण ती ३ प्लस १ वाली वायर जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्यांसाठीची आहे, एचडी सिग्नलला इतक्या अंतरावर ती नाही टिकणार. ७५ ओहमची चांगली आरजी६ आणि पिनाही ७५ ओहमच्याच.

परळचा_एव्हीवाला
अन्याय नाही हो, मी स्वतः मोठ्या शोला एसडीआयच ओढतो. पण इथे रोज वेगळा वक्ता, वेगळा लॅपटॉप, आणि लॅपटॉपला एसडीआय नसतं. मग एचडीएमआय टू एसडीआय कन्व्हर्टर आला, त्याला वेगळी पॉवर आली, आणि तो बरोबर १०८०पीच मागणार, वक्त्याचा लॅपटॉप काहीतरी भलतंच सोडतोय तर पडदा काळा. शिवाय ओटीटीवरचं किंवा ब्लू-रेचं काही लावलंत तर कॉपी प्रोटेक्शनमुळे कन्व्हर्टरच्या पुढे काही जाणारच नाही. एचडीबेसटीवर ते प्रोटेक्शन चालतं. आता सार्वजनिक कार्यक्रमात ओटीटी लावायचं की नाही, त्याची परवानगी वगैरे, तो वेगळा विषय, पण कमिटीतलं कुणीतरी लावणार हे मी लिहून देतो.

पण कॅमेरामन साहेबांचा मुद्दा मात्र घ्या. पाइप उघडाच आहे तर कॅट ६ दोन ओढा आणि बरोबर एक आरजी६. केबल स्वस्त आहे, परत शिडी लावून तुळईवर चढणं महाग आहे.

फायबरवाला_ठाणे
कुणीच ऑप्टिकल एचडीएमआय म्हणालं नाही? आत फायबर असते, ३० मीटरला ४के ६० पण जातं, डबे नाहीत, अडॅप्टर नाही.

परळचा_एव्हीवाला
चालते, घरी होम थिएटरला मस्त. पण हॉलमध्ये मला धास्ती वाटते. तिला दिशा असते, एक टोक सोर्सचं आणि एक डिस्प्लेचं, उलटी ओढली की पूर्ण परत काढा. पिनेचं डोकं जाड, पाऊण इंची पाइपातून तयार केबल जात नाही. आणि उंदराने कुरतडली किंवा वायरमनने कोपऱ्यात जोरात मुडपली तर अख्खी केबल फेकायची, कॅट ६ ला नवीन पिन मारली की झालं. जुन्या बिल्डिंगीत उंदीर नाहीत असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

गिरगावची_वाचनवेडी
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी सांगितलंच नव्हतं. ३० वर टेस्ट केली, ठिपके पूर्ण थांबले! म्हणजे प्रोजेक्टर ठणठणीत आहे, कमिटीत आज मिरवून आले. दोन कॅट ६ आणि एक आरजी६ असं ठरतंय. आता दोन शंका राहिल्या. एवढ्या उंचावर टांगल्यावर रोज चालू-बंद कोण करणार, रिमोट मागच्या गॅलरीतून लागेल का? आणि आवाज पण याच केबलमधून येईल का, प्रोजेक्टरच्या मागे एक छोटं ऑडिओ आउट दिसतंय.

परळचा_एव्हीवाला
त्यासाठीच तो दुसरा सॉकेट, लॅन. इथे तुमच्या वायरमनचा राउटर कामाला येईल, दुसरी कॅट ६ लॅनमधून राउटरला जोडा. बहुतेक प्रोफेशनल प्रोजेक्टर पीजेलिंक (नेटवर्कवरून प्रोजेक्टर चालवायची सामाईक भाषा) समजतात, पोर्ट ४३५२, मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर त्याचं ॲप मिळतं. चालू, बंद, इनपुट बदल, दिव्याचे किती तास झाले, सगळं खालून. मेनूमध्ये नेटवर्क स्टँडबाय चालू ठेवा, नाहीतर बंद केल्यावर मशीन झोपतं आणि ॲपला उत्तरच देत नाही. पासवर्ड टाका, नाहीतर वाचनालयाच्या वायफायवर बसलेली पोरं व्याख्यान चालू असताना प्रोजेक्टर बंद करतील. मेनूत कंट्रोल लॅन पोर्टवरून की एचडीबेसटीवरून असा पर्याय असेल तर लॅन निवडा. नऊ पिनांचं सीरियलही त्याच कामाचं आहे, पण तुम्हाला गरज नाही, रिकामं राहू द्या.

आवाज प्रोजेक्टरच्या आउटमधून घेऊ नका, उगाच छतावरून परत स्टेजपर्यंत ऑडिओची वायर आणावी लागेल. लॅपटॉपच्या हेडफोनमधून डीआय बॉक्स (आवाजाचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणारा छोटा डबा) आणि तिथून स्टेजवरच्या मिक्सरला. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, लॅपटॉप चार्जरला लावला की जी घूं ऐकू येते ती त्याने जाते. मोठी फिल्म असेल तर ओठ आणि आवाज जुळतोय ना ते आधी बघून घ्या, प्रोजेक्टर चित्राला किंचित उशीर करतो.

पडदा_आधी
तासांवरून आठवलं, लेझरचे तास आधीच मेनूत बघून ठेवा. कंपन्या साधारण २०,००० तासांनी उजेड निम्मा होतो असं धरतात, ऑफिसात किती चाललाय त्यावर तुमचे ६००० आज खरे किती ते ठरेल. आणि तुमचा पडदा १६:९ चा असेल तर प्रोजेक्टर १६:१० आहे, वर-खाली काळी पट्टी सुटेल, तिला कुणी बिघाड म्हणायला नको.

गिरगावची_वाचनवेडी
पडदा १६:९ चाच आहे. ट्रान्समीटर घ्यायला शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातेय, तिथे डब्याचा फोटो काढून इथे टाकते, घेण्याआधी कुणीतरी बघा.

परळचा_एव्हीवाला
टाका. डब्याच्या मागची बाजू पण काढा, फक्त खोक्याचा फोटो नको. शक्य असेल तर दुकानातून दोन दिवसांच्या बोलीवर घ्या, केबल पाइपात घालायच्या आधी जमिनीवर पसरून प्रोजेक्टरला लावून तासभर चालवून बघा.