उभी राहिली की तापणारी गाडी: तुमचे अनुभव लिहा

काल संध्याकाळी खोपोलीहून वर चढताना घाटात ट्रॅफिक तुंबलं होतं. डाव्या कडेला एक पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी. शेजारी दगडावर एक आजी, मांडीवर पेंगुळलेलं नातवंड. आणि गाडीवाला तरुण हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मी काच खाली करून ओरडलो, "अहो थांबा! अर्धा तास तरी हात लावू नका!" थांबला. मग आमची रांग सरकली, पुढचं काही कळलं नाही. पण रात्री झोप लागेना, सारखे बाबाच डोळ्यांपुढे.

१९९७चा मे. आमची लाल मारुती आठशे, तिसऱ्या हातची. मावसबहिणीचं लग्न नाशिकला. त्या गाडीचं एकच दुखणं होतं. चालती असली की इंजिनाच्या तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली, रेल्वे फाटकाला पाच मिनिटं उभी राहिली की लाल रेषेला. गॅरेजवाल्याने तीन वेळा ठेवून घेतली. आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी अडवणारी-सोडणारी झडप, काढून टाकला, मग रेडिएटर धुतला, मग नवं झाकण बसवलं. दर वेळी बाबांना शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून आणायचा आणि म्हणायचा, बघा साहेब, काटा हलत नाही. कसा हलेल? गाडी पळत असताना समोरून वारा लागतो, तोच रेडिएटर गार करतो. उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार. तो पंखा फिरतो का हे तीन महिन्यांत कोणी पाहिलंच नव्हतं.

पाहिलं ते कसारा घाटात, एका ट्रकच्या क्लीनरने. एक ट्रक आडवा झाला होता, सगळा घाट ठप्प, आमच्या बॉनेटमधून वाफ. तो पोरगा आला आणि पहिला प्रश्न, "काका, फॅन फिरतोय का?" गाडी निवल्यावर बॉटलमधून पाणी घालून चालू केली. काटा चढला, फॅन गप्प. त्याने फॅनच्या स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवल्या. तरी गप्प. मग चौदा-पंधराच्या पान्याची मूठ घेतली आणि फॅनच्या मोटरच्या पाठीवर टक टक, दोनदा. घुर्रर्र करून पंखा सुरू! मोटरला आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेले होते, ठोकलं की तेवढ्यापुरते टेकायचे. नाशिकला कार्बन बदलले, चाळीस रुपयांत काम. त्या मुलाने पैसे घेतले नाहीत, आईने त्याला शिदोरीतल्या दशम्या दिल्या.

त्यानंतर बाबांनी कुठलीही गाडी गॅरेजमधून आणताना मेकॅनिकच्या समोर वीस मिनिटं जागेवर चालू ठेवली. फॅन एकदा लागून बंद झाला, पुन्हा लागला, की मगच पैसे. मागच्या वर्षी बाबा गेले. तुमच्याकडेही असे प्रसंग असतील, लिहा.

———

अगदी अगदी. आणि तो थर्मोस्टॅट काढून टाकायचा प्रकार अजून चालू आहे हो! मागच्याच महिन्यात माझ्या गाडीचा काढून हातात दिला, वर "आपल्याकडे गरम हवा, लागत नाही" हे. साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो तो, तोवर इंजिनाला तापू देतो. काढला की थंडीत इंजिन धड तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं. परत बसवून घेतला मी.

———

लग्न गाठलं का पण?

———

(धागाकर्ता) मंगलाष्टकं चुकली, पंगत गाठली. :)

———

माझं वेगळंच. काटा बिटा काही नाही, एसी. सिंहगड रस्त्याला सिग्नलला थांबलं की एसी कोमट, गाडी निघाली की गार. दोनदा गॅस भरला, पैसे गेले. मुलीला शाळेतून आणताना ती म्हणाली आई, आपला पंखा बंद आहे का, मागच्या काकांच्या गाडीचा आवाज येतो तसा आपल्या गाडीचा येत नाही. सात वर्षांची पोर! बॉनेट उघडून एसी लावला, फॅन ढिम्म. रिले, म्हणजे फॅनला वीज सोडणारा स्विच, जळला होता. एसीच्या जाळीलाही तोच फॅन हवा देतो, म्हणून आधी एसी बोलतो आणि मग काटा. ज्यांचा एसी उभ्या गाडीत कोमट होतोय त्यांनी गॅस भरण्याआधी फॅन बघा प्लीज. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय

———

ताई पोरीला माझ्याकडून चॉकलेट

———

आमचे वडील टॅक्सी चालवायचे, पद्मिनी. तिला विजेचा पंखा नाही, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. दादरला पुलाखाली अडकलं की बाबा न्यूट्रलला टाकून हलकी रेस द्यायचे, पंखा जोरात फिरावा आणि पाणीही खेळावं म्हणून. पॅसेंजरला वाटायचं ड्रायव्हर चिडलाय. पट्टा अंगठ्याने दाबून बघायची सवय मला तिथूनच लागली. बोटभरापेक्षा जास्त दबला तर ढिला. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा बातमी बघताना आई रडली. त्या गाडीवर आम्ही तिघं शिकलो.

———

🙏 वाचून गलबललं.

———

शेतकऱ्याचं पण ऐका. उभं राहून तापणं म्हणजे काय ते मळणीला कळतं. ट्रॅक्टर जागेवर, मागं मळणी यंत्र जोडलेलं, फुल रेस, पुढून वाऱ्याची झुळूक नाही आणि सगळा भुसा उडून पंख्याच्या ओढीनं रेडिएटरवर येऊन चिकटतो. सोयाबीनला तर विचारू नका. तासाभरात जाळी गोधडीगत झाकून जाते. एका वर्षी मी पाणी ओतत बसलो, ओतलं की तापतंय, ओतलं की तापतंय. चुलता आला, नुसता तळहात जाळीवर फिरवला, मूठभर भुसा निघाला. म्हणाला आतलं पाणी काय करंल, अंगावर घोंगडं घातलंय की त्याच्या. तवापासनं दर दोन तासाला बंद करून जाळी झाडतो. हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूनं बाहेर. समोरून मारली तर भुसा आत ठासतो आणि पात्या वाकत्यात.

———

^ हे गाडीलाही लागू. माझ्या एसीच्या जाळीत आणि रेडिएटरच्या मध्ये दोन वर्षांची सावरीची म्हातारी आणि किडे. बाहेरून चकचकीत. मधली फट बॅटरी लावून बघा.

———

वारीतला प्रसंग. दिंडीचा टेम्पो घेऊन दिवे घाटात. पुढे माऊलींची पालखी, माणसांचा पूर, आमचा टेम्पो पहिल्या गिअरला मुंगीच्या पायांनी. अर्ध्यात काटा वर. ड्रायव्हर घाबरला, आत पंचवीस जणांचं सामान आणि स्वयंपाकाचे डबे. कडेला घेतला. एक वारकरी आजोबा आले, टेम्पोच्या तोंडासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माऊली, हे काढा की." दिंडीचा फ्लेक्स! पाच फुटी, ग्रिलवर चारी कोपऱ्यांनी करकचून बांधलेला. आम्हीच बांधला होता हौसेने. सोडून टपावर बांधला, निवू दिला, सासवडपर्यंत काटा जागचा हलला नाही. नवरदेवाच्या गाडीला ग्रिलभर फुलं लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवा.

———

राम कृष्ण हरी! आजोबांना दंडवत

———

रेडिएटर गळत असेल तर चमचाभर हळद टाका, बसतं भोक. आमच्या गावचा जीपवाला हेच करायचा

———

हळदीची गोष्ट खरी आहे पण आता करू नका. जुन्या पितळी रेडिएटरच्या नळ्या रुंद असायच्या, खपून जायचं. आताच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या बारीक, हळदीचा चिखल त्यातच बसतो. गळती थांबते पण पाणी खेळणंही थांबतं. माझ्या मेहुण्याने केलं, रेडिएटर नवा घ्यावा लागला.

———

आणि पेट्रोलच्या टाकीला अंगाचा साबण 😀

———

तो मात्र चालतो, मी स्वतः साबणावर पन्नास किलोमीटर आलोय. लाल साबण.

———

विषय साबणावर नेऊ नका रे.

———

मी बर्न्स वॉर्डला काम केलेली नर्स आहे. मूळ पोस्टमधल्या तरुणाला ओरडून थांबवलंत, खूप मोठं काम केलंत. आमच्याकडे यायचे तसे पेशंट: उजवा हात, गळा, हनुवटी. कारण तिघा-चौघांकडून सारखंच ऐकलं, "वाफ थांबली होती म्हणून उघडलं." वाफ दिसत नाही म्हणजे गार झालं असं नसतं. झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी शंभरला उकळत नाही, पार ११५-१२०पर्यंत पाणीच राहतं. झाकण फिरवलं, दाब सुटला, की त्या क्षणी उसळतं. रुमाल ओला होऊन हाताला चिकटतो, ते अजून वाईट. वरच्या जाड होज पाईपला हाताची पाठ लावा. सहज हात ठेवता आला आणि पाईप दाबून मऊ लागला, तरच झाकणाकडे जा. नाहीतर बसा. चहा प्या. उशीर झाला तर होऊ दे.

———

ताई हे सेव्ह करून घरच्या ग्रुपवर टाकलं.

———

नागपूर. आमच्याकडे मे महिन्यात ४५ म्हणजे रोजचंच. सीताबर्डीत अडकलो, काटा चढून राहिला होता. एसी बंद केला, काचा खाली, आणि हीटर फुल. बायको म्हणे डोकं फिरलं काय. पण हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच ना, इंजिनातलीच गरमी ओढते. घामानं आंघोळ झाली पण काटा उतरला, गॅरेजपर्यंत गेलो. निघालं काय तर बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं तेच टाकत होतो, आत चुन्याचा थर, गिझरच्या कॉईलवर असतो तसा. कूलंटशिवाय काही टाकू नका, अडलंच तर बाटलीबंद पाणी.

———

कूलंट हिरवं की गुलाबी? दुकानदार म्हणतो सगळं एकच

———

एकच नाही. पण नुसत्या रंगावरही जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका. डब्यावर "तयार" लिहिलं असेल तर तसंच ओता. नसेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं.

———

माझी स्कूटर सिग्नलला बंद पडते, तो पण हाच प्रॉब्लेम का

———

नाही दादा, तुमच्या स्कूटरला रेडिएटरच नसेल. आयडलिंग सेट करून घ्या, एअर फिल्टर बघा.

———

कसारा घाट म्हटलं की मला करवंदं आठवतात. मे महिन्यात घाटात बायका द्रोणात घेऊन बसायच्या, काळीभोर, बोटं चिकट व्हायची. गाडी तापली की आम्ही पोरं खूश, कारण थांबायला मिळायचं.

———

आणि घाटनदेवीला नारळ. आमचे काका तिथे गाडी निववायलाच थांबायचे, देवदर्शन आपोआप.

———

माझा अनुभव दुःखाचा आहे. फॅन नीट होता. तरी उभी राहिली की तापायची, आणि पाणी दर आठवड्याला कमी. खाली थेंब नाही, जातं कुठे कळेना. मी भरत राहिले. सकाळी चालू करताना पांढरा धूर यायचा, थंडी आहे म्हणून सोडून दिलं. एक दिवस ऑईलच्या झाकणाला आतून खरवस लागल्यासारखं दिसलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या भागाच्या (हेडच्या) मधलं पॅकिंग, गेलं होतं, पाणी ऑईलमध्ये. हेड बेंड. फेसिंग, गॅस्केट, ऑईल, सगळं मिळून गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च. पाणी कमी होतंय आणि गळत नाही म्हणजे ते इंजिनच पितंय, एवढंच त्या वेळी कोणी सांगायला हवं होतं. म्हणून लिहिलं.

———

मस्कतहून. इथे उन्हाळ्यात गाडी उभी करूनही एसीसाठी चालू ठेवतात, त्यामुळे फॅनची मोटर लवकर झिजते. आमच्याकडे दर एप्रिलला फॅनचा आवाज ऐकणं हा नेमच. घाटातली करवंदं मात्र इथे नाहीत...

———

हे सगळं वाचून खाली पार्किंगमध्ये आलोय. उद्या पहाटे कोल्हापूर, आईला अंबाबाईला न्यायचंय. जागेवर चालू ठेवली, एसी बंद. बारा मिनिटं झाली. काटा निम्म्याच्या वर सरकलाय, फॅनचा आवाज नाही.

———

एसी लावून बघा, फिरतो का?

———

नाही फिरत

———

(धागाकर्ता) गाडी बंद करा आधी. झाकणाला हात नको. आणि फॅनजवळ बोटं नेऊ नका, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

———

बंद केली. फ्यूज बॉक्स उघडलाय. फॅनचा फ्यूज चांगला दिसतोय.

———

मग रिले. शेजारी हॉर्नचा असेल, वरचा नंबर आणि पाय अगदी सारखे असतील तरच अदलाबदल करा.

———

नंबर सेम आहे. टाकला. चालू करतो.

———

???

———

झालं का?

———

फिरला!! एसी लावल्या लावल्या. आता एसी बंद करून उभी ठेवलीये. काटा अजून निम्म्याच्या जरा वर.

———

(धागाकर्ता) वीस मिनिटं थांबा. आपोआप लागून बंद झाला पाहिजे, दोनदा.

———

थांबलोय. वॉचमनकाकाही येऊन बसलेत. एकदा लागला, बंद झाला. सकाळी निघण्याआधी नवा रिले मिळणार नाही, पण कराड ओलांडलं की भाऊ घेऊन उभा राहतोय. तोवर हॉर्न नाही. आई वरून जेवायला हाक मारतेय, तिला म्हटलं अजून एकदा लागू दे.