पावसाळ्यात लॉनवर मिनी ट्रॅक्टर: चाकोऱ्या न पडता गवत कसं कापायचं?

मुळशीची_सून

नमस्कार. आमचं लग्नाचं लॉन भूगावच्या पुढे आहे. जागा दीड एकर, त्यात गवत ३० गुंठे. लावलं होतं सिलेक्शन वन जातीचं गवत, आता निम्म्यात हरळी घुसली आहे. आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्याकडे कार्यं जवळजवळ बंद, आणि नेमकं याच दिवसांत गवत आवरत नाही.

सासऱ्यांनी शेतासाठी २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला आहे, फोर व्हील ड्राइव्ह. त्याला मागे पाच फुटी मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, जोडला. गेल्या रविवारी दोन दिवसांची उघडीप होती, पायाला जमीन कोरडी लागत होती, म्हणून ड्रायव्हरला कापायला सांगितलं. स्टेजच्या बाजूच्या सरळ रांगा छान निघाल्या. कंपाउंडपाशी वळताना मात्र मागचं चाक रुतलं. त्याने रेस वाढवली तसं चाक आणखी खाली गेलं. आता तिथे माझा अख्खा पंजा मावेल एवढी चाकोरी आहे. कडेला गवत मुळासकट उलटं पडलंय, आतली काळी माती साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालीय आणि तीन दिवस झाले तरी पाणी तसंच उभं आहे. एकूण सात वळणं, सातही ठिकाणी हेच.

प्रश्न दिसण्याचा नाही. मागच्या हंगामात अशाच एका जुन्या खळग्यात एका आजींची खुर्ची पंगतीजवळ कलंडली. त्यांना फार लागलं नाही, पण त्यांचा घाबरलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ब्रश कटरने हाताने कापायचं तर दोन माणसांना तीन दिवस लागतात, आणि श्रावणात भातलावणीमागून माणसं मिळत नाहीत. ट्रॅक्टर वापरून जमीन शाबूत राखता येईल का? आणि ज्या चाकोऱ्या पडल्या त्यांचं काय करू?

काळीमाती_हवेली

ताई, येईल. पण आधी एक गोष्ट मनातून काढा: उघडीप किती दिवस आहे यावर ठरवू नका. आपले आजोबा पेरणीला जे बघायचे तेच लॉनला बघा, वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना ठणठणीत कोरडी. काळी माती वरून दोन दिवसांत सुकते, पापुद्रा धरते, पायाला कोरडी लागते आणि आपण फसतो. खाली चार बोटांवर लोणी असतं. खुरप्याने चार बोटं खणून तिथली मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर ट्रॅक्टर आत घाला. चपटा होऊन तसाच पडला तर चावी खिशात ठेवा. लॉनभर पाच-सहा जागी हे करा, एकाच जागी नको.

मुळशी भागात बऱ्याच ठिकाणी मूळ जमिनीवर चार-सहा इंच लाल माती टाकून लॉन केलेलं असतं. खाली काळी चिकण असेल तर पाणी त्या सांध्यावर अडतं, वरून काहीच कळत नाही. तुमच्या चाकोरीत तळाला काळी माती दिसतेय म्हणजे चाक तो सांधा ओलांडून गेलंय.

आता ट्रॅक्टरचं. सातही खुणा वळणावरच आहेत, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तुमच्या ड्रायव्हरला शेतातली सवय असणार: बांधापाशी एका बाजूचा ब्रेक दाबून जागच्या जागी वळायचं. नांगरटीत ते बरोबर, लॉनवर तेच आतलं चाक गवत खरवडून काढतं. डावा-उजवा ब्रेक जोडायची कडी असते, ती लावून टाका. वळताना पुढच्या चाकांचा ड्राइव्ह काढा. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील अशीच रचना असते, त्यामुळे कडक वळणाला ती घसटत जातात. सरळ रांगेत ओलसर जागी तो ड्राइव्ह असू द्या, मागचं चाक कमी घसरतं. डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी कळ, वळताना कधीच नको.

वळण मोठं घ्या. एक रांग सोडून तिसरी धरली तर फेरा आपोआप रुंद होतो. कंपाउंडपाशी जागा नसेल तर तिथली आठ-दहा फूट पट्टी ट्रॅक्टरला देऊच नका, ती ब्रश कटरने करा. ३० गुंठ्यांऐवजी तीन-चार गुंठेच हाताने राहतील.

दुसरं, वजन. मागच्या टायरमध्ये पाणी भरलंय का ते बघा. नांगराला वजन यावं म्हणून आपल्याकडे सर्रास भरतात आणि मग सगळे विसरतात. लॉनसाठी ते काढा. हवाही बघा. चाक जमिनीवर जो दाब देतं तो साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाएवढाच असतो, म्हणून ट्रॉली ओढायला ठासून भरलेलं टायर लॉनला मारक. पुस्तकात त्या वजनाला जो कमीत कमी दाब दिलाय तिथपर्यंत उतरवा, त्याखाली नको, टायर रिमवर सरकतो.

तिसरं, मोअर. खाली टेकलेला असतो तेव्हा त्याचं बरंचसं ओझं त्याच्या स्वतःच्या छोट्या चाकांवर असतं. उचलला की सगळं मागच्या दोन टायरवर येतं आणि पुढचा भाग हलका होतो. तुमचा माणूस प्रत्येक वळणाला हायड्रॉलिकने उचलत असेल तर नेमक्या मऊ जागी जास्तीचं वजन पडतं. मोठा फेरा असेल तर उचलायची गरजच नाही. चाक घसरायला लागलं की रेस द्यायची नाही, थांबायचं आणि आल्या वाटेने सरळ मागे यायचं.

उंचीचंही सांगतो. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच भाग काढा. जास्त वाढलं असेल तर आधी उंच कापा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. मुळं जिवंत आणि दाट असली तर तीच चाकाखाली जाळीसारखी आधार देतात. एकदम बोडकं केलंत तर पुढच्या वेळी अजून खोल रुताल. आणि दर खेपेला दिशा बदला, आज पूर्व-पश्चिम तर पुढच्या वेळी दक्षिणोत्तर, नाहीतर त्याच रेघांवर माती दबत जाते.

सिंहगड_पायथा

एवढं सगळं कशाला? पाऊस थांबला की ओल असतानाच दगडी रोलर फिरवायचा. आमच्या सोसायटीत तसंच करतात, एकदम सपाट.

काळीमाती_हवेली

दादा, ओल्या काळ्या मातीवर रोलर म्हणजे वीट थापण्यासारखं आहे. मातीतली हवा निघून जाते, पाणी मुरत नाही, आणि पुढच्या पावसात तीच जागा तळं होते. वरून सपाट दिसतं हे खरं, पण गवत वर्षभरात पिवळं पडतं. हलका रोलर वाफशावर चालतो, तोही नवीन लावलेल्या लॉनला मुळं टेकायला.

चाकोरीचं असं करा ताई. आधी नुसतं पाणी काढून द्या, दोन इंची चर मारून कडेच्या गटाराकडे. वाफसा आला की चाकोरीच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर पहार तिरकी खुपसा आणि दाबलेली माती खालून वर उचला. वरून भर घालून मोकळं होऊ नका, खालचा कडक थर तसाच राहतो. उचलूनही कमी पडलं तर पोयटा (गाळाची माती) आणि चाळलेलं शेणखत टाका, एका वेळी बोटभर, गवताची टोकं दिसत राहतील एवढंच. हरळी त्यातून वर येते.

मैदान_राखणदार

मी मैदानांच्या देखभालीत बरीच वर्षं काढली. एक उदाहरण पुण्यातलंच देतो. मुंबईच्या घोड्यांच्या शर्यती हिवाळ्यात असतात, पुण्याच्या रेसकोर्सवरचा हंगाम मात्र भर पावसाळ्यात, जुलैच्या सुमारास सुरू होतो. अर्धा टन वजनाचा घोडा ओल्या गवतावर पळवायचा, तर जमीन किती मऊ आहे हे अंदाजाने चालत नाही. पेनेट्रोमीटर जमिनीत टोचून आकडा घेतात, मग ट्रॅक कसा आहे ते जाहीर करतात. तुम्ही घरी बोटाएवढ्या जाडीची सळई घ्या. एकाच माणसाने, एकाच जोराने दाबायची आणि किती आत गेली त्यावर खडूने खूण करायची. चार-सहा वेळा केलंत की तुमच्या जमिनीचा तुमचा आकडा तयार होतो. मातीचा लाडू आणि सळई दोन्ही जुळले तरच मी मशीन आत घालतो.

शेतीचे उंच दात असलेले टायर लॉनचे नव्हेत. रुंद, उथळ नक्षीचे वेगळे टायर मिळतात. ट्रॅक्टर शेतातही लागत असेल तर रिमसकट दुसरा जोड ठेवणं परवडतं का ते हिशेब करून बघा.

मुळशीची_सून

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. पाऊस सोडेना म्हणून काहीच करता येत नव्हतं.

मागच्या टायरमध्ये खरंच पाणी होतं. व्हॉल्व्ह खाली घेऊन सोडलं तर दोन्ही मिळून सहा बादल्या निघालं. सासऱ्यांनाच आठवत नव्हतं, ट्रॅक्टर आणला त्या वर्षी भरून घेतलं होतं म्हणे. ब्रेकची कडी गंजून अडकली होती, डिझेल लावून सोडवली. ड्रायव्हरदादा आधी नाराज झाले, इतकी वर्षं चालवतोय म्हणाले. मग मी त्यांना चाकोरीपाशी नेलं आणि हात आत घालायला सांगितलं. त्यांनी घातला, बराच वेळ काही बोलले नाहीत. आता वळणाच्या फेऱ्यांसाठी चुन्याच्या खुणा ते स्वतःच टाकतात.

परवा सकाळी लाडू करून पाहिले. सहा जागी फुटले, सळईही बोटभरच गेली. कापणी झाली, एकही चाकोरी नाही. कापलेलं गवत ओलसर होतं म्हणून तसंच पडू दिलं नाही, दाताळ्याने ओढून शेजारच्या गोठ्यात दिलं. औषध फवारलेलं नाही हे आधी सांगितलं.

सातवी जागा आंब्याजवळची. तिथे लाडू आजही चपटा पडतो आणि सळई वीतभर जाते. आजूबाजूला चार दिवस ऊन असूनही. तिथून दहा फुटांवर हात धुवायच्या नळांची पाइपलाइन जाते. काल रात्री टाकीचा मुख्य कॉक बंद करून ठेवला होता, सकाळी खळग्यातलं पाणी दोन बोटं उतरलेलं होतं. उद्या प्लंबर येतोय, तोपर्यंत त्या कोपऱ्याला दोरी बांधून ठेवलीय.