रानपारवा की डोंगरी राजकबूतर? शेंड्यावर बसलेला पक्षी ओळखायचा कसा

लातूरकर: आमचा गट महाबळेश्वर आणि पुढं कॅसलरॉकला पक्षी बघायला जायलाय. आपल्याकडं फळं खाणारं कबूतर म्हणजे हरियल, ते पिवळ्या पायांवरून लगेच कळतं. निलगिरी रानपारवा आणि डोंगरी राजकबूतर मात्र दोन्ही मोठे, तपकिरी-करडे. उलट्या उजेडात फरक कशावरून करायचा?

बालाघाट: दादा, आधी ठिकाण धरा. महाबळेश्वरला दिसला तर रानपारवाच. राजकबूतर गोवा-उत्तर कन्नडच्या जंगलांपासून दक्षिणेला. कॅसलरॉक त्याच उत्तर कन्नडमधलं, तिथं दोन्ही दिसू शकतात, म्हणून खरी परीक्षा तिथंच.

तिथं पहिल्यांदा शेपूट बघा. राजकबुतराची शेपूट मुळाशी गडद आणि टोकाला रुंद, फिकट राखाडी पट्टा. खालून, अंधूक उजेडातही तो उठून दिसतो. रानपारव्याची सबंध काळपट. याच्या मानेमागं काळ्या पिसांना पांढरी टोकं असतात, अगदी बुद्धिबळाचा पट. खूण नामी आहे, पण पक्षी समोरून बसला की मान झाकते आणि नोंद चुकते. मग गळा बघा : राजकबुतराचा पांढरा असतो. चोचीच्या भरवशावर राहू नका, दोघांचीही बुडाशी तांबूस, टोकाला फिकी. रानपारवा ३६ ते ४२ सेंमी, राजकबूतर ४३ ते ५१. पण एकटा पक्षी असला तर लांबीचा अंदाज फसतोच.

गौताळा_पायवाट: आवाज ऐका. राजकबूतर आधी हलकं ‘हु’ करतं, मग खोल घुमारा, ‘ऊंप्-ऊंप्’. रानपारव्याचं एक ‘हू’ आणि मागून ‘हू-हू-हू’, लांबून वानरच वाटतं.

जमिनीवर पडलेली फळं आणि गोगलगायी टिपणारा असेल तर रानपारवा. राजकबूतर शेंडा सहसा सोडत नाही. त्याचा जबडा एवढा फाकतो की रानजायफळ अख्खं गिळतं, आणि बी न दळता दूर नेऊन टाकतं. आपलं हरियल उंबराचं बीसुद्धा पेषणीत (पोटातल्या जात्यात) दळतं. म्हणून मोठ्या बियांच्या झाडांना राजकबूतर हवंच.

लातूरकर: फोटोत नुसती काळी सावली येते, त्याला काय करायचं?

बालाघाट: कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ ते +१.३ ठेवा, आभाळ पांढरं पडलं तरी चालेल, मान आणि शेपूट उघडते. फळांनी लगडलेलं नांद्रुक किंवा उंबर गाठा आणि बुंध्यापासून लांब बसा. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका. रानपारवा फक्त पश्चिम घाटात आणि आसपासच्या डोंगरांत उरलाय, विणीला अंडं एकच घालतो.

गौताळा_पायवाट: शेपूट आणि मान दोन्ही दिसली नाहीत तर नोंदीत नुसतं ‘मोठं कबूतर’ लिहा.