आप्पांच्या डायरीतलं 'के. १०, पा. १७' म्हणजे काय?

लातूरची_लेक:
नमस्कार. आमचे आप्पा गेल्या पौषात गेले. बांधकाम खात्यात ओव्हरशिअर म्हणून लागले, उपअभियंता म्हणून रिटायर झाले. वर्षश्राद्धाला चार पानांची पुस्तिका काढू असं भाऊ म्हणतोय. अंबड, कळंब, वसमत, औसा असं नोकरीचं सगळं लिहून झालं. बदलीची गावं आम्हाला पाठच आहेत, कारण शाळाही तितक्याच झाल्या. घोडं अडलंय ते त्यांच्या डायऱ्यांपाशी.

पानोपानी एखाद्या गावाचं नाव आणि पुढं 'के. १०, पा. १७' नाहीतर 'के. १०, पा. १३'. भाऊ म्हणतो, के. म्हणजे किलोमीटर. मला पटत नाही, सगळीकडं के. दहा-अकराच कसा असेल? शिवाय एक आठवतंय. घर कुठलंही असो, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रेघा मारलेल्या दोन उंच काचेच्या नळ्या असायच्या. तळाशी काळी माती. एकीला रॉकेलचा वास. रेशनचं रॉकेल ओतताना दिसले की आई कडाडायची, "आता स्टोव्ह काय तुमच्या मातीवर पेटवू?" त्याआधी तिच्याच तव्यावर ती माती भाजून घेतलेली असायची, ते वेगळंच. आप्पा आम्हाला म्हणायचे, "हात लावू नका रे, उद्यापर्यंत फुगू द्या तिला."

नवरात्रात तुळजापूरला निघालो तरी वाटेत गाडी थांबवून हे मोरीत वाकून बघणार, गाळ किती साचलाय म्हणून. आई आतूनच विचारायची, "भवानीला जायचंय का मोरीला?" पण शनिवारी रात्री कितीही उशीर होवो, शेवटच्या एसटीनं, अंगाला डांबराचा वास घेऊन घरी यायचेच. रविवारी आम्हा दोघांची नखं तेच कापायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एकेक बोट उजेडात धरून, मोजमाप घेतल्यासारखं.

तर त्या नळ्यांत ते काय मोजायचे? खात्यातलं कुणी असेल तर सांगा.

मुरूमवाला:
ताई, बंधूंना सांगा, के. म्हणजे केरोसीन आणि पा. म्हणजे पाणी. मातीची फूग मोजायची चाचणी आहे ही. माती वाळवून बारीक चाळायची, दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांत घालायची. एकीत पाणी, एकीत रॉकेल, शंभराच्या रेघेपर्यंत. चोवीस तासांनी माती कुठल्या रेघेला आली ते वाचायचं. आपल्या काळ्या मातीचे अगदी सूक्ष्म पापुद्रे असतात, त्यांच्यात पाणी शिरलं की ती फुगते. रॉकेल शिरत नाही, म्हणून तिथं ती होती तेवढीच राहते. दहाची सतरा झाली म्हणजे फूग सत्तर टक्के. पन्नासच्या वर गेलेली माती रस्त्याच्या भरावात घालायचीच नाही. 'पा. १३' वाली चालून गेली असती.

खात्याची प्रयोगशाळा असते, तिथून रिपोर्ट येतो. पण तो यायच्या आत ठेकेदार शेजारच्याच शेतातली माती ओढून मोकळा होतो, म्हणून तुमचे आप्पा घरीच करून बघत असणार. आणि मोरीवर हसू नका. मोरी तुंबली की पाणी भरावात मुरतं, खालची माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि रस्त्याच्या कडेनं लांबच लांब भेग पडते. मग वरून कितीही डांबर ओता. डायरीत कुठं 'भीज ४ दिवस' असंही असेल बघा. ती दुसरी चाचणी, ठोकून बसवलेल्या मातीचा साचा चार दिवस पाण्यात बुडवून मग तिची ताकद बघायची.

बालाघाटी:
७२च्या दुष्काळात माझी माय कळंबकडच्या रस्त्यावर खडी फोडायला होती. मी बाभळीखाली झोळीत. तिथं एक पोरसवदा ओव्हरशिअर होता म्हणे. ढीग मोजताना टेपचं एक टोक मायच्या हातात द्यायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. मायला वाचता येत नव्हतं, पण ब्रास कळायचा. मुकादमाला ते लई झोंबायचं, कारण तो आकडा कागदावर चढेपर्यंत कमी व्हायचा. सुकडी वाटतानाबी तो समोर उभा राहायचा म्हणे. तुमचे आप्पा डावखुरे होते का? माय तेवढंच सांगायची.

सडक_छाप:
माती आधी की रिपोर्ट आधी, हा वाद आमच्याकडं आता मिटलाय. दोन्ही एकाच माणसाच्या खिशातून येतात. ताई, पुस्तिकेत आकडे कमी घाला. नखांचं घाला.

लातूरची_लेक:
सगळ्यांचे आभार. बालाघाटीदादा, आप्पा उजव्या हाताचे, आणि ७२ साली ते अंबडला होते. म्हणजे तुमच्या मायचे साहेब दुसरे कुणी. तरी तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मुरूमवाला काका, तुमचं उत्तर वाचून रात्री सगळ्या डायऱ्या पुन्हा काढल्या. १९८६च्या डायरीत एका पानावर गावाचं नाव नाही. नुसतं 'प्लॉट. के. १०, पा. १८.' आणि खाली, 'तिला पसंत.'

म्हणजे ऐंशी टक्के. आत्ता ज्या घरात बसून लिहितेय तो हा प्लॉट. कोपऱ्यावर लिंब होता म्हणून आईनं हट्ट धरलेला. सकाळी तिला विचारलं, पाया किती खणला होता गं? म्हणाली, "नऊ फूट, मुरूम लागेस्तोवर. माझ्या दोन पाटल्या गेल्या त्यात. किती भांडले मी. तर मला म्हणाले, मी काय करू, गवंडीच ऐकंना."