विषय: चैत्रातलं हळदीकुंकू यंदा तळ्याकाठी करूया का?

फॉल क्रीकची ताई, रविवार, १४ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी,

गेल्या सोमवारी ग्रहण, मंगळवारी पाडवा. आपल्या इथाकात, न्यूयॉर्क राज्यातल्या या छोट्या गावात, सूर्याची अगदी बारीक कोर उरली होती. रॉचेस्टरला गेलेल्यांना ढगांमुळे खग्रास सूर्य काही दिसला नाही, पण दुपारी तीन वीसला साडेतीन मिनिटं रात्र झाली ती त्यांनी अनुभवली. पाडव्याला आमच्या गॅलरीत गुढी उभी केली. कडुलिंब नाही, म्हणून देशातून आणलेली वाळकी पानं गुळात कालवली. शेजारच्या आजी काठीवरचा तांब्या बघून चौकशी करायला आल्या आणि श्रीखंड खाऊन गेल्या.

आता मुद्द्याचं. चैत्रगौर ११ तारखेला बसली, अक्षय्य तृतीया १० मेला आहे. आपलं हळदीकुंकू दरवर्षी टेकडीवरच्या कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये होतं. ज्यांनी घरं उघडली त्यांचे उपकार आहेतच. पण रविवारी बस कमी असतात आणि नव्याने आलेल्या मुलींकडे गाडी नसते. त्या कुणाला ‘न्यायला या’ म्हणत नाहीत, घरीच बसतात. हे मला फार लागतं. पंचवीस वर्षांपूर्वी मीही अशीच खिडकीत बसून होते.

म्हणून सुचवते: रविवार, ५ मे, दुपारी तीन वाजता, तळ्याकाठच्या स्ट्युअर्ट पार्कचा पॅव्हिलियन, म्हणजे छप्पर असलेला मंडप. गावातून पायी येता येतं, बाबागाडी ढकलत येता येतं. तोवर चेरी फुललेली असेल, विलोच्या फांद्या पाण्यावर पोपटी झालेल्या असतील. ऑस्प्रे घारी परत आल्या आहेत, काल एक मासा पायात धरून घरट्याकडे जाताना पाहिली. उजनीवर हिवाळ्यात दिसते तीच ही जात.

आणखी एक. बोलावणं सगळ्यांना आहे. नवरा असलेली, नसलेली, लग्न न केलेली, सगळ्यांना कुंकू लावायचं आणि सगळ्यांची ओटी भरायची. यावर मतदान नको.

कळवा.

लॅन्सिंगचे काका, सोमवार, १५ एप्रिल

ताई, कल्पना मनापासून आवडली. पण थंडीचं सांगितलं पाहिजे.

आपलं कायुगा तळं १३२ मीटर खोल आहे. खालचं पाणी बाराही महिने चार अंशांच्या आसपास असतं. कॉर्नेल विद्यापीठ २००० सालापासून तेच वर ओढून त्याच्या गारव्यावर इमारती थंड ठेवतं, म्हणजे किती गार ते बघा. मेच्या सुरुवातीला वरचं पाणीही तापलेलं नसतं. स्ट्युअर्ट पार्क तळ्याच्या दक्षिण टोकाला. उत्तरेचा वारा सुटला की तो ६१ किलोमीटर थंड पाण्यावरून येतो आणि थेट पॅव्हिलियनमध्ये शिरतो. टेकडीवर स्वेटर काढावासा वाटतो तेव्हा खाली कानटोपी लागते.

मी निफाडचा, द्राक्षबागेतला. थंडीत पहाटे पारा उतरला की वडील बागेत शेकोट्या पेटवायचे, धुराने डोळे चुरचुरायचे. गेल्या वर्षी १८ मेच्या पहाटे इथे तसंच झालं. फुटलेले कोंब एका रात्रीत काळे पडले. मी ओळखीच्या एका बागेत गेलो होतो. त्या माणसाने वेलीचा शेंडा बोटांत धरला तर तो ओल्या चहापत्तीसारखा चुरला. मला वडील आठवले, बोलता येईना. एरवी हे तळंच बागांना सांभाळतं. वसंतात काठची हवा गार ठेवतं, कोंब उशिरा फुटतात आणि कडाक्यातून वाचतात. त्याच गारव्यात आपल्याला बसायचं आहे, एवढंच म्हणणं.

विरोध नाही. उत्तरेच्या बाजूला ताडपत्री बांधावी लागेल, ती मी आणतो. दोरखंडही आहे. निरांजनं वाऱ्यात टिकणार नाहीत, काचेचा कंदील घ्या. आणि हिरवळीवर सतरंज्या नकोत, कॅनडा गूजनी, त्या रानटी हंसांनी, सगळीकडे घाण केलेली असते. आत फरशीवरच बसूया.

कॉलेजटाउनमधली विद्यार्थिनी, सोमवार, १५ एप्रिल

ताई, मी आणि माझ्या दोन रूममेट नक्की. चैत्रांगण आम्ही काढतो, पॅव्हिलियनच्या फरशीवर, खडूने. शंख, कासव, तुळस, गौरीचा पाळणा एवढं येतं. बाकीची चिन्हं आजीला फोनवर विचारते.

अडचण कैऱ्यांची आहे. इथल्या दुकानात मिळाल्या त्या पिवळ्या पडलेल्या, आंबट मुळीच नव्हत्या. कैरीशिवाय डाळ कशी करायची?

जाता जाता: ग्रंथालयाच्या मित्रमंडळाची पुस्तकविक्री मे महिन्यात एस्टी स्ट्रीटवर आहे. किंमत रोज उतरत जाते, शेवटी शेवटी पिशवी भरून पुस्तकं येतात. लहान मुलांसाठी कुणाला हवी असतील तर सांगा, मी रांगेत उभी राहीन.

ट्रुमन्सबर्गच्या काकू, मंगळवार, १६ एप्रिल

बाळ, कैरीवाचून अडायचं नाही. परसात ऱ्हुबार्ब आहे की, ती आंबट देठांची भाजी! आत्ता मातीतून लाल मुठी वर आल्यात, ५ मेपर्यंत पहिले देठ काढता येतील. मी नऊ वर्षं त्याची डाळ करते आहे.

हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजव, निथळव, भरड वाट. पीठ करू नकोस, दाताखाली आली पाहिजे. ऱ्हुबार्बचा देठ आडवा, अगदी बारीक चिर. किसू नकोस, दोऱ्या निघतात. चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेव, पाणी सुटेल ते पिळून बाजूला ठेव. मग डाळ, ऱ्हुबार्ब, ओलं खोबरं, साखर, कोथिंबीर. वरून मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरचीची फोडणी गार करून ओत. कैरीचा तो चिकाचा वास येणार नाही, तो इथे कशालाच येत नाही. पण आंबटपणा खणखणीत, आणि रंग असा गुलाबी की मुलं मागून खातात. पिळलेलं पाणी टाकू नकोस, थोडे देठ उकडून त्यात गूळ, वेलची आणि हे पाणी घातलं की पन्हं झालं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा सगळ्यांनी: पानं खायची नाहीत. ऱ्हुबार्बची पानं विषारी असतात. मी देठ पानं कापूनच आणीन, म्हणजे मुलांच्या हाती लागायला नकोत.

ओटीचे हरभरे मीच भिजवते. पाच किलो पुरतील ना?

नवीन सभासद, मंगळवार, १६ एप्रिल, रात्री

नमस्कार. मी जानेवारीत आले. मिस्टर पोस्टडॉक आहेत, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करतात, मला कामाची परवानगी नाही. बाळ सात महिन्यांचं आहे. तुम्हा सगळ्यांच्या मेल मी वाचते, लिहिलं आज पहिल्यांदाच.

तीन महिने मी बहुतेक घरातच होते. पाच वाजता काळोख, बाहेर बर्फ, बाळाला घेऊन कुठे जाणार. गेल्या आठवड्यापासून रोज कॅस्कॅडिला ओढ्याच्या कडेने चालते आहे. पाण्याचा आवाज इतका मोठा असतो की बाळ गप्प होऊन ऐकतं. चेरीच्या फांद्यांवर कळ्या आल्यात, त्याला उचलून दाखवते.

ताईंनी खिडकीचं लिहिलं ते वाचून रडू आलं. बाळाला घेऊन आलं तर चालेल का? मी काय आणू? मला पुरणपोळी चांगली येते, पण इथला ओव्हन-शेगडी अजून हातात बसली नाही. आईने येताना गौरीचा छोटा पितळी पाळणा दिला होता. तो बॅगेतच आहे.

फॉल क्रीकची ताई, बुधवार, १७ एप्रिल

अगं, चालेल का काय विचारतेस! तुझी ओटी मी भरणार, बाळाला काकू मांडीवर घेतील. तू काही करून आणू नकोस, फक्त तो पाळणा आण. यंदाची गौर त्यातच बसेल. काका, ताडपत्रीबरोबर पाळणा टांगायला एक दोरी जास्तीची घ्या.

तुझ्या घरापासून पार्कपर्यंत चालत अर्धा तास लागेल. मी अडीचला ओढ्याच्या पुलावर उभी राहते, बरोबर जाऊ. आणि ५ मेपर्यंत थांबायचं नाही. या शनिवारी स्टीमबोट लँडिंगच्या बाजारात जाते आहे, दहा वाजता खाली ये. मेपल सिरप घ्यायचं आहे, आणि तुला तळं दाखवायचं आहे.

काकू, पाच किलो हरभरे पुरतील. पार्कची परवानगी आज मागते, पैसे मंडळाच्या खात्यातून. मेअखेरीच्या इथाका फेस्टिव्हलच्या परेडमध्ये लेझीम न्यायची का, यासाठी वेगळी मेल टाका, इथे मिसळू नका. आणि उबदार कपडे आणा सगळ्यांनी, काकांनी सांगितलंय ते खरं आहे.